गॅलरीतले लघुप्रकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्य दालनात एखादं मोठं प्रदर्शन चालू असतं आणि जिन्यापाशी, तळघरात किंवा आडबाजूच्या एखाद्या खोलीत दुसरंच काहीतरी मांडलेलं असतं. दारापाशी मालिकेचं नाव, बहुतेकदा एक क्रमांक, एकाच कलाकाराचं नाव आणि बऱ्यापैकी जवळ आलेली समाप्तीची तारीख. या छोट्या प्रकल्पांबद्दल प्रेक्षक, कलाविद्यार्थी आणि अर्ज करू पाहणारे कलाकार जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

लघुप्रकल्प आणि नेहमीचं प्रदर्शन यांत फरक काय?

प्रदर्शनात बहुतेक वेळा आधीच तयार असलेली कामं एकत्र आणून लावतात. प्रकल्पाची सुरुवात रिकाम्या खोलीपासून होते. कलाकार येतो, खोली बघतो, खिडकी कुठे आहे, आवाज कुठून येतो, लोक कोणत्या दाराने शिरतात हे पाहतो आणि त्या जागेसाठी काहीतरी करतो. कधी तर तो खोलीबाहेरच पडतो. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे मोमामध्ये, गाब्रिएल ओरोस्कोने समोरच्या इमारतींत राहणाऱ्या लोकांना आपापल्या खिडक्यांत संत्री ठेवायला सांगितलं. म्यूझियममधून बाहेर पाहताना कोणाला ती दिसली, कोणाला नाही. ज्याला दिसली त्याला ते काम भेटलं. हे मोठ्या सिंहावलोकनी प्रदर्शनात सहसा घडत नाही; तिथे चाळीस वर्षांचं काम क्रमवार लावायचं ओझं असतं.

एवढी थोडी मुदत का? पैसे कमी असतात म्हणून?

पैसे कमी असतातच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मुदत आखूड ठेवण्याचं खरं कारण जोखीम हे आहे. मोठं प्रदर्शन उभं करायला दोन-तीन वर्षं लागतात. इतर संस्थांकडून कामं उसनी आणायची, विमा, वाहतूक, जाडजूड कॅटलॉग. एवढं सगळं पणाला लागलं की कोणतीही संस्था सावध होते आणि ज्याचं नाव आधीच सिद्ध झालंय अशाच कलाकाराकडे वळते. काही आठवड्यांच्या प्रकल्पात फसण्याची मुभा असते. फसलं तर पुढच्या महिन्यात दुसरं काही उभं राहतं. ही मुभा काढून घेतली तर मालिका चालवायचं कारणच उरत नाही, असं माझं मत आहे. ज्या मालिकेतला प्रत्येक प्रकल्प सगळ्यांना आवडतो, तिथे क्युरेटर, म्हणजे कामं निवडून प्रदर्शन घडवणारा माणूस, जरा जास्तच जपून वागतोय असं समजावं.

दुसरं असं, की काही कामं जास्त दिवस टिकूच शकत नाहीत. जानेवारी १९६९ मध्ये जानिस कूनेलिसने रोममधल्या लात्तिको गॅलरीच्या जागेत, जे पूर्वी मोटारींचं गॅरेज होतं, बारा जिवंत घोडे बांधले. तीन दिवस. त्या घोड्यांना चारा-पाणी लागतं, लीद काढावी लागते, वास सुटतो, खुरांचा आवाज होतो. तीन महिने ते चाललं असतं तर तो तबेला झाला असता.

कागदावरची कामं असतील तर मुदतीमागे प्रकाशाचा हिशोबही असतो. कागद, जलरंग, जुने फोटो यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही, ते साठत जातं. थोडे दिवस बाहेर, मग पुन्हा अंधाऱ्या कपाटात.

ही पद्धत सुरू कुठून झाली?

साठच्या दशकाच्या शेवटी कला फ्रेमबाहेर पडली होती. कोणी माती आणत होतं, कोणी फक्त सूचना लिहून पाठवत होतं, कोणी व्हिडिओ कॅमेरा लावत होतं. म्यूझियमचं वेळापत्रक मात्र पूर्वीचंच, दोन वर्षं आधी ठरणारं. कलाकार आज जे करतोय ते लोकांसमोर यायला दोन वर्षं लागली तर तोवर तो दुसरीकडे पोचलेला. ॲमस्टरडॅममध्ये १९६८ साली सुरू झालेल्या आर्ट अँड प्रोजेक्ट या छोट्या गॅलरीने यावर साधा उपाय काढला: एक दुमडलेला छापील कागद, टपालाने पाठवायचा. तो कागद म्हणजे निमंत्रण, आणि पुष्कळदा तेच काम. असे १५६ अंक निघाले.

मोठ्या संस्थांमध्ये मोमाने १९७१ मध्ये ‘प्रोजेक्ट्स’ ही मालिका सुरू केली. तिच्यामागे किनेस्टन मॅकशाइन हे क्युरेटर होते. आदल्याच वर्षी त्यांनी तिथे संकल्पनात्मक कलेचं, म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेचं, मोठं प्रदर्शन केलं होतं. मालिकेची सुरुवात कीथ सॉनियरच्या कामाने झाली. १९७५ मध्ये अमेरिकेतल्याच हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथीनियम या म्यूझियमने ‘मॅट्रिक्स’ ही मालिका सुरू केली. तिथले संचालक जेम्स इलियट पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठ म्यूझियममध्ये गेले आणि १९७८ मध्ये तिथेही त्याच नावाची मालिका उभी राहिली. लॉस एंजेलिसच्या हॅमर म्यूझियमची मालिका १९९९ पासूनची. आज जगभर लहान-मोठ्या संस्थांत अशी एखादी खोली असते. नावं वेगळी, साचा तोच.

प्रकल्पांना क्रमांक का देतात? आधीचे बघितले नसतील तर पुढचा कळेल का?

कळेल. क्रमांक म्हणजे नोंदवहीतला अनुक्रमांक, कथेचा भाग नव्हे. एक फायदा मात्र आहे: क्रमांकाला भारदस्त शीर्षक लागत नाही, त्यामुळे मोठमोठे विषय कलाकाराच्या गळ्यात पडत नाहीत.

आत गेलो तर खोली रिकामीच होती. चुकीच्या दिवशी आलो का?

कदाचित. मांडणी बदलण्याच्या दिवसांत खोली खरोखरच रिकामी असते. दारावर पाटी आहे का ते बघा. पण पाटी नसेल तर जरा थांबा, कारण रिकामी खोली ही या क्षेत्रात आता जुनी गोष्ट आहे. १९५८ मध्ये इव्ह क्लाइनने पॅरिसमध्ये इरिस क्लेर यांची गॅलरी रिकामी करून, पांढरी रंगवून, तीच लोकांना दाखवली, आणि उद्घाटनाला रस्त्यावर गर्दी झाली. १९६९ मध्ये रॉबर्ट बॅरीने त्याही पुढे जाऊन, प्रदर्शनाच्या काळात गॅलरी बंद राहील, एवढंच कळवलं. तेच प्रदर्शन.

मला यांतलं सर्वांत नेमकं वाटतं ते मायकल ॲशरचं १९७४ मधलं काम. लॉस एंजेलिसच्या क्लेअर कॉप्ली गॅलरीत प्रदर्शनाची जागा आणि मागचं ऑफिस यांच्यामध्ये एक भिंत होती. त्याने ती काढून टाकली. बस्स. आत आलेल्या माणसाला मागे टेबल, फायली, टेलिफोन आणि काम करणारी मालकीण दिसायला लागली. एरवी जिथे चित्रं बघायची तिथे काहीच नाही, आणि जे बघायचं नसतं ते, म्हणजे चित्र विकण्याचं कामकाज, समोर उघडं. ‘रिकामी’ खोली बघायची असेल तर हाच प्रश्न विचारावा: इथून काय काढलंय, आणि ते काढल्यामुळे मला आता काय दिसतंय?

समजलं नाही तर? भिंतीवरचा मजकूर आधी वाचावा की नंतर?

आधी खोलीत शिरा. एक फेरी मारा, उभे राहा, बसायला बाक असेल तर बसा. मग मजकूर वाचा आणि परत आत जा. मजकूर आधी वाचला की डोळे त्यातली वाक्यं पडताळत बसतात. तसं बघितलं तर चांगला मजकूर शंभर-दीडशे शब्दांत संपतो: काय आहे, कशाचं आहे, कुठून आलं. तो वाचूनही काही पदरी पडलं नाही तर दोष तुमचा असेलच असं नाही. अनेकदा मजकूर प्रेक्षकापेक्षा दुसऱ्या क्युरेटरसाठी लिहिलेला असतो, ही या क्षेत्राची खोड आहे.

दारापाशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाशी बोलून बघा. तो त्या कामासोबत रोज सात-आठ तास असतो. कोणत्या वेळी ऊन कुठे पडतं, लोक कुठे अडखळतात, मुलं कशापाशी थांबतात हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्याला कलेचा अर्थ विचारू नका. त्याला काय दिसलं ते विचारा.

व्हिडिओ असेल तर सुरुवातीपासूनच बघायला हवा का?

बाहेर लांबी लिहिलेली असते. वीस मिनिटांच्या आतला असेल तर सुरुवातीची वाट बघा. फिरत राहणारा असेल तर मधूनच शिरायला हरकत नाही. तुम्ही शिरलात ते दृश्य परत आलं की उठा. आणि काही कामं पूर्ण बघितली जाणार नाहीत हे धरूनच केलेली असतात. क्रिश्चन मार्क्लेचं २०१० मधलं ‘द क्लॉक’ चोवीस तासांचं आहे: हजारो सिनेमांतले घड्याळ दाखवणारे तुकडे असे जोडलेत की पडद्यावरची वेळ आणि तुमच्या मनगटावरची वेळ एकच. गॅलरी रात्री बंद होत असेल तर पहाटे तीनचे तुकडे बघणार कोण? म्हणून ते लावणाऱ्या संस्था मधूनमधून रात्रभर दारं उघडी ठेवतात.

हात लावू का? फोटो काढू का?

विचारल्याशिवाय हात लावू नका. अपवाद आहेत, आणि ते आवर्जून सांगितलेले असतात. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसच्या १९९१ मधल्या एका कामात कोपऱ्यात रंगीत चांद्या गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग असतो. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. ते त्याच्या जोडीदाराचं, रॉसचं, व्यक्तिचित्र आहे. रॉस एड्सने गेला. प्रेक्षकाने एक गोळी उचलायची, खायची. ढीग कमी होत जातो, आणि संस्था तो पुन्हा भरू शकते. इथे हात न लावणं म्हणजे काम अर्धवट बघणं.

फोटोचं उलट. बहुतेक ठिकाणी फ्लॅश न वापरता काढायला परवानगी असते, पण टिनो सेगालच्या कामांचे फोटो काढायचेच नसतात. त्याची कामं म्हणजे माणसांनी केलेल्या हालचाली आणि संवाद. कॅटलॉग नाही, भिंतीवर मजकूर नाही, विक्रीचा करारसुद्धा तोंडी. तिथे मोबाइल बाहेर काढलात तर कोणीतरी हळूच येऊन सांगेल.

लहान मुलांना आणलं तर चालेल का?

चालेल. बाहेर काही सूचना लावलेली असेल (लख्ख चमकणारे दिवे, मोठा आवाज, हिंसक दृश्यं) तर ती मात्र गंभीरपणे घ्या. बाकी, मुलं ‘याचा अर्थ काय’ हे पालकांपेक्षा कमी विचारतात.

प्रकल्पांच्या मधल्या बंद दिवसांत आत काय चालतं?

आधीच्या प्रकल्पाचे स्क्रू निघतात. भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची, मग रंग. हा भाग सोपा वाटतो, पण तिथेच वेळ जातो. नुसत्या भोकापुरता पांढरा रंग लावला तर बाजूने दिवा पडताच तो ठिपका चमकतो. म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागते.

व्हिडिओ असेल तर दुखणी वेगळी. दाराच्या फटीतून येणारा उजेड काळ्या पडद्याने अडवता येतो, पण आणीबाणीच्या दरवाज्यावरचा हिरवा किंवा लाल दिवा झाकता येत नाही, आगीचे नियम आड येतात. मग प्रोजेक्टरची जागा बदलून तो दिवा पडद्यापासून लांब पडेल असं करायचं. प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर असते. उघड्या जमिनीवर आवाज घुमतो, म्हणून जाजम. आणि शेवटी कोणीतरी एक जण अंधारात बसून व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होतो तो क्षण तपासतो. तिथे निमिषभर काळी चौकट किंवा मशीनचा निळा पडदा चमकला तर दिवसभरात तो कित्येकदा चमकणार.

उसनं आलेलं काम असेल तर खोका उघडताना स्थितीचा अहवाल लिहितात: कोपरा दबलाय का, रंग सुटलाय का, फोटो काढून, सही करून. परत पाठवतानाही तेच.

संपल्यावर कामाचं काय होतं?

काही कलाकाराच्या स्टुडिओत परत जातं, काही सुटं करून साहित्य दुसरीकडे वापरतात, काही नष्ट होतं. आणि काही नष्ट होण्यासाठीच केलेलं असतं. १९९२ मध्ये नलिनी मलानी यांनी मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतल्या गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर थेट चित्रं काढली. प्रदर्शन संपलं आणि भिंतींवर पांढरा रंग फिरला. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षामुळे नाहीशी होत होती. तिकडे त्यांना लक्ष वेधायचं होतं. त्या भिंतीवरचं चित्र विकता आलं नसतं आणि जपताही आलं नसतं. चित्रकाराने बाजाराला दिलेलं हे उत्तर होतं, आणि पुसण्याची क्रिया कामाचाच भाग होती.

सोल लविटने दुसरा मार्ग काढला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत त्याने पहिलं भित्तिरेखाटन केलं. ते रंगाखाली गेलं. पण त्याची रेखाटनं म्हणजे सूचना असत: अमुक दिशेच्या रेषा, अमुक अंतर. मालकाकडे भिंत नसते, प्रमाणपत्र आणि आकृती असते. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भिंतीवर, दुसऱ्या हातांनी ते पुन्हा काढता येतं. लविट २००७ मध्ये गेला; त्याची रेखाटनं अजून काढली जातात.

काही वेळा इमारतच लक्षात ठेवते. २००७ मध्ये डोरिस साल्सेदोने लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलच्या काँक्रीटच्या जमिनीत १६७ मीटर लांबीची भेग पाडली. २००८ मध्ये ती बुजवली, पण जमिनीवर तिचा व्रण आहे. खाली बघत चाललात तर सापडतो.

मुदत वाढते का?

क्वचित. पुढचा कलाकार आधीच ठरलेला असतो आणि एका प्रकल्पाला दिलेला आठवडा दुसऱ्याच्या मांडणीतून कापला जातो. फार ठळक अपवाद एकच आठवतो: वॉल्टर डी मारियाने १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इमारतीत मजलाभर माती पसरली, साधारण ५६ सेंटिमीटर खोल, वजन एक लाख सत्तावीस हजार किलोच्या घरात. ठरले होते तीन महिने. ती माती अजून तिथेच आहे. तिला पाणी घालतात, दाताळ्याने सारखी करतात. तेव्हा आशा ठेवायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

इथलं काम विकत घेता येतं का?

सार्वजनिक संस्थेत नाही. फार तर कलाकाराच्या गॅलरीचं नाव मिळेल. खाजगी गॅलरीत विचारा. किंमत विचारण्यात कमीपणा नाही.

कलाकारांना पैसे मिळतात का?

मिळायला हवेत, आणि दोन वेगळ्या रकमा म्हणून. एक निर्मितीखर्च: लाकूड, छपाई, प्रोजेक्टरचं भाडं, वाहतूक. दुसरं मानधन: कलाकाराच्या वेळेचं. बऱ्याच संस्था दोन्ही एकाच आकड्यात घालतात, आणि मग काम चांगलं व्हावं म्हणून कलाकार स्वतःचं मानधन प्लायवूडमध्ये घालतो. करार करताना हे दोन आकडे वेगळे लिहून घ्या. कॅनडात प्रदर्शनासाठी मोबदला हा १९८८ पासून कॉपीराइट कायद्यातला हक्क आहे, त्याआधी तिथल्या कलाकारांच्या संघटनेने त्यासाठी वीस वर्षं लढा दिला होता. न्यूयॉर्कमध्ये २००८ साली वेज ही कलाकारांची संघटना याच मागणीसाठी उभी राहिली. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ हे मानधन नव्हे.

मी प्रस्ताव पाठवू शकतो का? त्यात काय लिहू?

आधी मालिका प्रस्ताव मागवते की क्युरेटर स्वतः निवडतो ते बघा. मोमासारख्या ठिकाणी निवड आतूनच होते. लहान संस्था बहुधा वर्षातून एकदा खुलं आवाहन काढतात.

प्रस्ताव दोन पानांत बसवा. पहिल्याच परिच्छेदात दारातून आत आल्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल ते सांगा. ‘हे काम स्मृती आणि अवकाश यांच्यातील नात्याचा वेध घेते’ या वाक्याने सुरू होणारे प्रस्ताव ढिगाने येतात आणि वाचणाऱ्याला खोलीत काय असणार हे शेवटपर्यंत कळत नाही. ‘खोलीच्या मध्यभागी बर्फाची लादी, खाली परात, परातीखाली मायक्रोफोन’ हे लगेच कळतं. खोलीचा नकाशा मागवून त्यावरच मांडणी काढा. वस्तू दारातून आत येईल का, जमीन वजन पेलेल का, विजेचा किती भार लागेल, रोज चालू-बंद कोणी करायचं, पाणी सांडलं तर काय, हे सगळं लिहा. निवड समितीत एक माणूस तांत्रिक बाजूचा असतो आणि चांगल्या कल्पनेचा बळी बहुतेकदा त्याच्या ‘हे रोज पुसणार कोण?’ या प्रश्नावर जातो.

जुन्या कामांचे आठ-दहा फोटो पुरेत. नकार आला तर पुढच्या वर्षी त्याच खोलीसाठी वेगळी कल्पना घेऊन या.

हुकलेला प्रकल्प आता बघता येईल का?

काम म्हणून, नाही. नोंद म्हणून, बरंच काही. बहुतेक मालिका प्रत्येक प्रकल्पासोबत एक घडीपत्रक काढतात. ते संस्थेच्या ग्रंथालयात मागा. मोमाने २०१६ मध्ये १९२९ पासूनच्या आपल्या प्रदर्शनांची नोंद इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली, त्यात सत्तरच्या दशकातल्या प्रकल्पांची माहिती आणि खोल्यांचे फोटोही सापडतात. ते बघताना खोलीच्या कडांकडे लक्ष द्या: दार, दिवे, बाजूला उभा असलेला माणूस. कामाचा आकार किती होता ते त्यावरूनच कळतं.